सहा अक्षरांचा जबाब

व्हिम उघडावा, पहिली कळ दाबावी आणि फाइलमधलं जुनं अक्षर जाऊन तिथे नवं उमटावं, हा अनुभव विंडोजवर लिनक्स चालवणाऱ्या अनेकांना आला आहे. तळाच्या ओळीत ‘रिप्लेस’ असं लिहिलेलं असतं. वास्तविक हा संपादक सुरू होतो नॉर्मल मोडमध्ये, जिथे प्रत्येक कळ ही आज्ञा असते. रिप्लेस मोड हवा तर कॅपिटल ‘आर’ दाबावा लागतो. तो दाबला कोणी?

टर्मिनलनं. तेही व्हिमनंच विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना! बिघाड शोधण्यातली सारी गोडी मला इथे वाटते.

आधी प्रश्न पाहू. ग्रीक आणि रशियन अक्षरं, वळणदार अवतरणचिन्हं, काही भौमितिक आकृत्या यांची रुंदी युनिकोडनं संदिग्ध ठेवली आहे. चिनी-जपानी वातावरणात ती पडद्यावरची दोन घरं घेतात, इतरत्र एक. समोरच्या टर्मिनलची रीत कोणती, हे कळल्याशिवाय कर्सर नेमका ठेवता येत नाही. म्हणून व्हिम पडद्याच्या दुसऱ्या ओळीत अगदी डावीकडे एक उलटा, पोकळ त्रिकोण काढतो, कर्सर कुठे पोचला ते टर्मिनलला विचारतो आणि त्रिकोण पुसून टाकतो. दुसऱ्या घरात असेल तर आकृती एका घराची, तिसऱ्यात असेल तर दोन घरांची. रुंदी थेट न विचारता ती करून पाहायची, ही युक्ती मला फार देखणी वाटते.

आता उत्तर. एस्केप, डावा चौकटी कंस, 2, अर्धविराम, 2, कॅपिटल आर. सहाच अक्षरं: दुसरी ओळ, दुसरं घर. शेवटचा ‘आर’ फक्त उत्तर संपल्याची खूण. 1978 च्या व्हीटी-100 टर्मिनलचं उत्तरही याच साच्यातलं होतं, आणि कळफलकावरच्या कळा ज्या तारेतून जात त्याच तारेतून ते जाई. ती तार आता राहिली नाही, पण वाट अजून एकच आहे. माणसाचं बोट आणि यंत्राचा जबाब एकाच दारातून आत येतात.

जबाब तुकड्यातुकड्यांनी आला, किंवा व्हिमला तो जबाब म्हणून ओळखता आला नाही, की तीच अक्षरं कळा म्हणून वाचली जातात. एस्केप: नॉर्मल मोडमध्ये त्यानं काही बिघडत नाही. कंस आणि 2: अशी आज्ञाच नाही, सोडून दिली. अर्धविराम: ओळीतला मागचा अक्षरशोध पुन्हा कर, मागे शोध नाही, तेही वाया. उरतं ‘2 आर’, आणि ही मात्र अस्सल आज्ञा आहे: रिप्लेस मोडमध्ये जा, आणि एस्केप दाबल्यावर लिहिलेलं आणखी एकदा उमटव. खूण म्हणून आलेलं अक्षर आज्ञा होऊन बसतं, आणि घराचा क्रमांक होतो आवृत्तींची संख्या. यात कुणाचंच वागणं गैर नाही, म्हणूनच हा दोष इतका वाचनीय आहे.

सुरुवातीलाच आपोआप एस्केप पाठवून मोड बदलून घेण्याचा उपाय करता येतो, पण मला तो पटत नाही. प्रश्न तसाच विचारला जात राहतो. नेमका उपाय म्हणजे व्हिमआरसी फाइलमध्ये ‘सेट टी_यू7=’ ही ओळ, बरोबरच्या चिन्हापुढे काहीही न लिहिता. टी_यू7 मध्ये तो प्रश्न साठवलेला असतो. तो रिकामा केला की व्हिम विचारत नाही आणि जबाबही येत नाही. यानंतर रिप्लेस दिसला नाही तर निदान पक्कं. बदल्यात रुंदीची चाचणी जाते आणि ‘ॲम्बिविड्थ’ हा पर्याय त्याच्या मूळ मूल्यावर, म्हणजे एका घरावर राहतो. चिनी-जपानीत काम करणाऱ्यानं तो गरजेप्रमाणे हातानं ‘डबल’ करावा. देवनागरी अक्षरं त्या संदिग्ध गटात मुळातच नाहीत, आणि आपल्या अवतरणचिन्हांना एकच घर पुरतं, तेव्हा मराठी लिहिणाऱ्यानं ही ओळ खुशाल घालावी.