स्मरणरंजन आणि रूपांतर : यंत्रमानवांची खेळणी, मालिका आणि गिरणगावातील बालपण

प्रास्ताविक

‘स्मरणरंजन’ ही संज्ञा मराठी समीक्षेत बहुधा दोषदर्शक अर्थाने वापरली जाते. योहानेस होफर या वैद्यकाच्या अभ्यासकाने १६८८ मध्ये घराच्या ओढीने जडणाऱ्या व्याधीला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. पुढे स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात तिचे दोन प्रकार मानले : गतकाळ जसाच्या तसा पुन्हा उभारू पाहणारे स्मरण आणि गतकाळाचे चिंतन करणारे स्मरण. १९८० व १९९० च्या दशकांत मुंबईत वाढलेल्या पिढीच्या मनात रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांची खेळणी व त्यांच्या मालिका यांना आज जे स्थान आहे, त्याचा विचार या भेदाच्या आधारे करणे उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात लालबाग, परळ व गिरगाव या परिसराच्या संदर्भात हा विचार केला आहे.

मालिका की जाहिरात?

ट्रान्सफॉर्मर्स ही मूळची कथा नव्हे, ती मूळची वस्तू आहे. जपानच्या ताकारा कंपनीची ‘डायाक्लोन’ व ‘मायक्रोमॅन’ या मालिकांतील खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने घेतली आणि १९८४ मध्ये ती नव्या नावाने बाजारात आणली. पात्रांची नावे, स्वभाव व परस्परवैर मार्व्हलच्या लेखकांनी नंतर रचले. त्याच वर्षी अमेरिकेत बालकार्यक्रमांतील जाहिरातींवरील बंधने शिथिल झाली आणि सप्टेंबरमध्ये दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. त्यामुळे ही मालिका म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरात होय, हा आक्षेप निराधार नाही.

तथापि तो अपुरा आहे. १९८६ च्या चित्रपटात नव्या खेळण्यांना जागा करून देण्यासाठी ऑप्टिमस प्राइम या नायकाचा मृत्यू दाखविण्यात आला. बालप्रेक्षकांना तो इतका असह्य झाला की निर्मात्यांना नायकाला मालिकेत परत आणावे लागले. विक्रेत्यांच्या दृष्टीने जो जुना माल होता, तो मुलांच्या दृष्टीने आप्त होता. वस्तूला माणूसपण देण्याची ही क्षमता बाजाराने निर्माण केलेली नाही. बाजाराने ती फक्त वापरली. या विषयाच्या समीक्षेने येथून पुढे जावयास हवे.

सामायिक मालिका, खासगी खेळणे

भारतात रंगीत दूरचित्रवाणी १९८२ मध्ये आली. त्याच वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरणगावातील बालपणाच्या संदर्भात या दोन घटना वेगळ्या काढता येत नाहीत. त्याच दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ ही जपानी मालिका व ‘ही-मॅन’ दाखविल्या गेल्या. चाळीतील एखाद्या घरात संच असला तरी मजल्यावरची मुले उंबऱ्यापर्यंत दाटीने बसून त्या पाहू शकत. खेळण्यांचे तसे नव्हते. एमआरएफ व हॅस्ब्रो यांच्या सहकार्याने १९८७ मध्ये स्थापन झालेल्या फनस्कूलने परदेशी परवान्यावर जी. आय. जो, ट्रान्सफॉर्मर्स यांसारखी खेळणी भारतात आणली; परंतु ती विकत घ्यावी लागत. ज्या घरात पगार थांबला होता, तेथे त्यांचा मार्ग दुकानाच्या काचेपाशीच संपत असे.

म्हणून ‘आमच्या पिढीची खेळणी’ हा आज सर्रास आढळणारा शब्दप्रयोग तपासून घ्यावयास हवा. मालिकेची आठवण सार्वजनिक आहे, खेळण्याची आठवण वर्गीय आहे. स्मरणरंजन या दोहोंना एकाच ‘आम्ही’मध्ये बसविते आणि ज्यांच्याजवळ खेळणे नव्हते, त्यांना त्या ‘आम्ही’तून नकळत वगळते.

या दृष्टीने ‘जायंट रोबो’ विशेष उल्लेखनीय ठरतो. तो रूप बदलत नाही. एका मुलाच्या मनगटावरील घड्याळातून दिलेली आज्ञा तो पाळतो आणि अखेरीस ती आज्ञा मोडून स्वतःचा बळी देतो. भोवतालच्या गिरण्यांतील यंत्रे एकामागून एक थांबत असता, मुलाचे ऐकणारे अजस्र यंत्र हे केवळ परदेशी नवल राहत नाही.

परत न येणारे रूपांतर

रूप बदलणाऱ्या खेळण्याचा नियम साधा आहे : काही वगळावयाचे नाही, काही बाहेरून आणावयाचे नाही. ट्रकचे भागच यंत्रमानवाचे हातपाय होतात आणि पुन्हा ट्रक होऊ शकतात. त्याचे आकर्षण वेगात वा सामर्थ्यात नाही, या परतीच्या हमीत आहे.

गिरणगावाच्या रूपांतराने हा नियम पाळला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा सार्वजनिक उपयोगासाठी व घरांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ मोकळ्या जागेपुरता मर्यादित झाला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. जमीन राहिली, काही ठिकाणी धुरांडेही शोभेपुरते राहिले. माणसे वगळली गेली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातील कुटुंबाची वाताहत ही अशा परत न येणाऱ्या रूपांतराचीच कथा आहे. त्या घरातील भावंडांना पूर्वरूपाकडे जाता येत नाही आणि नवे रूपही लाभत नाही.

हॅम्लेज या प्रसिद्ध ब्रिटिश खेळणी-विक्रेत्यांचे दालन २०१० मध्ये लोअर परळला उघडले, ते पूर्वीच्या फिनिक्स मिलच्या आवारात. ज्या जमिनीवर कामगार राबले, तेथेच त्यांच्या मुलांना न मिळालेली खेळणी मांडली गेली.

समारोप

प्रौढपणी ते खेळणे विकत घेऊन कपाटात मांडणे हे बॉइम यांच्या पहिल्या प्रकारातील स्मरण होय. त्यात गैर काही नाही. पण त्याने केवळ वस्तू परत येते. दुसऱ्या प्रकारचे स्मरण त्या वस्तूभोवतीची रिकामी जागाही पाहते : उंबऱ्यावर बसलेले मूल, थांबलेला भोंगा, बंद झालेले खाते. यंत्रमानवांच्या मालिकांची समीक्षा या दुसऱ्या वाटेने गेली, तर स्मरणरंजन हा दोष न राहता सामाजिक इतिहासाचे साधन होऊ शकेल.