लिंबू, तांदळातले खडे आणि चार लाख किलोमीटर

आपल्याकडे नवी गाडी दारात आली की तिच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि पुढे लिंबू-मिरची टांगतात. अमेरिकन बोलीत मात्र ‘लेमन’ म्हणजे फसवी निघालेली गाडी. बाहेरून चकचकीत आणि आतून रोजची कटकट. या दुसऱ्या अर्थाच्या लिंबावर जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली ‘द मार्केट फॉर लेमन्स’ नावाचा निबंध प्रसिद्ध केला. अवघी तेरा पाने. तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला, चौथ्याने छापला, आणि पुढे २००१ साली अकरलॉफना स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल मिळाले ते याच विचारासाठी.

मी अर्थशास्त्राचा माणूस नव्हे. डॉक्टरेट अभियांत्रिकीतली, पोट संगणकाच्या प्रोग्रॅमवर. पण शारजात गेली बारा वर्षे मी तीन लाख किलोमीटरच्या अलीकडची गाडी चालवलेली नाही (पहिली एक सोडून, तिची कथा पुढे येईलच), आणि बहुतेक शुक्रवार-शनिवार औद्योगिक क्षेत्रातल्या गल्ल्यांत घालवलेले आहेत. तेवढ्या भांडवलावर या निबंधाबद्दल बोलण्याचे धाडस करतो. निबंध थोर आहे यात शंका नाही. तो आमच्या या गल्ल्यांत मात्र अर्धाच लागू पडतो असे माझे मत आहे, आणि जो अर्धा लागू पडत नाही तिथेच आपल्या मंडळींचे पैसे जातात.

आधी अकरलॉफ काय म्हणतात ते. गाडी काही काळ वापरली की तिचे खरे गुणदोष मालकाला कळतात. घेणाऱ्याला ते कळत नाहीत. त्यामुळे चांगल्या आणि वाईट गाडीला बाजारात एकच भाव येतो, सरासरीचा. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावात मी कशाला विकू? तो गाडी घरीच ठेवतो. बाजारात उरतात त्यातल्या त्यात वाईट. सरासरी आणखी घसरते, भाव आणखी उतरतो, मग उरलेल्यांतले बरेही निघून जातात. शेवटी बाजारच बसतो.

निबंधाचा दुसरा भाग आपल्याकडे फारसा कोणी वाचत नाही. त्यात भारत आहे. अकरलॉफ १९६७-६८ मध्ये वर्षभर दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. सावकाराचे व्याज इतके का असते, इथपासून तांदळातल्या खड्यांपर्यंत त्यांनी तिथली उदाहरणे घेतली आहेत. तांदळाच्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि गृहिणीला ते निवडत बसावे लागते, असे ते लिहितात. हे वाचताना मला आमच्या घरची दुपार आठवली. आई सूप घेऊन दाराशी उजेडात बसायची. अकरलॉफच्या दृष्टीने ते सूप म्हणजे अप्रामाणिकपणाची किंमत, समाजाचे वाया गेलेले तास. खरे आहे. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली : आईला निवडता येत होते. ज्याला निवडता येते तो अकरलॉफच्या समीकरणातला आंधळा गिऱ्हाईक राहत नाही.

आता माझी पहिली गाडी. मीटरवर ब्याण्णव हजार किलोमीटर, बोलका विक्रेता, वरून ‘एजन्सी मेंटेन्ड’ हा इथला मंत्र. मी आकड्याला भुललो. ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते, स्टिअरिंगचे कातडे चकाकत होते, ड्रायव्हरच्या सीटची एक कड बसली होती. हे सगळे मी पाहिले आणि तरीही आकड्यावर विश्वास ठेवला. चार महिन्यांनी इंजिनाखाली जुन्या सर्व्हिसचे चिकटवलेले लेबल सापडले. त्यावर दोन वर्षांपूर्वीचा आकडा होता एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार. संगणकवाल्या माणसाने फसावे याची लाज जास्त वाटली, कारण मीटरचा आकडा डॅशबोर्डमागच्या एका चिमुकल्या मेमरी चिपमध्ये असतो आणि तो बदलणे किती सोपे असते हे मला ठाऊक होते. सौ. एवढेच म्हणाली, “पी.एच.डी.ला हा विषय नव्हता वाटतं.”

इथवर अकरलॉफ शंभर टक्के खरे. त्यानंतर मी औद्योगिक क्षेत्रात सूप चालवायला शिकलो.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : शारजाचे औद्योगिक क्षेत्र क्रमांकांनी ओळखले जाते, औद्योगिक क्षेत्र पाच, सहा, दहा असे. नॅशनल पेंट्सच्या बाजूने वाहनांच्या रांगेत शिरलात की थोड्याच वेळात दुतर्फा सुट्या भागांचे डोंगर दिसू लागतात. एका दुकानात फक्त टोयोटाची इंजिने, शेजारी फक्त निस्सानचे गिअरबॉक्स, पलीकडे नुसते दरवाजे आणि दिवे. मोडीत निघालेल्या गाड्या इथे अवयवांत वाटल्या जातात. काउंटरवर मल्याळी, खाली ग्रीसमध्ये हात घातलेला पठाण किंवा बंगाली, आणि सर्वांची समान भाषा म्हणजे व्याकरण बाजूला ठेवलेली हिंदी. दुकानदार विकलेल्या भागावर रंगाच्या पेनने खूण करतो, म्हणजे परत आणताना दुसराच भाग आणता येऊ नये. फसवणूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, हे अकरलॉफपेक्षा त्या खुणेला जास्त चांगले कळते.

माझ्या उस्तादांनी मला पहिला धडा दिला तो असा : “साब, मीटर मत देखो, पाइप देखो.” त्यामागचे शास्त्र मला नंतर उलगडले. उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या या हवेत लोखंड झिजण्याआधी रबर आणि प्लॅस्टिक मरते. रेडिएटरचे नळ, इंजिनाचे माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, दारांची रबरे. यांना किलोमीटर कळत नाहीत, वर्षे आणि ऊन कळते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तो टायर कधी बनला ते त्यात असते. काचांवर, सीटच्या पट्ट्यांवरही निर्मितीच्या खुणा असतात. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच नंतरची असेल, तर त्या बाजूला काय झाले ते विचारावे. तेलाच्या झाकणाची आतली बाजू, थंड इंजिन पहिल्यांदा सुरू करतानाचा आवाज आणि मागे निघणारा धूर, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन. एक आकडा खोटा करता येतो. चाळीस खुणा एकमेकींशी जुळतील अशा खोट्या करणे फार खर्चाचे काम आहे, आणि वीस वर्षांच्या गाडीवर तो खर्च कोणी करत नाही.

म्हणून माझा अनुभव असा की चार लाखांची गाडी घेणे ऐंशी हजारांच्या गाडीपेक्षा काही बाबतीत सोपे असते. तिथे आकडा कमी करून लपवण्यात कोणाचा फायदा उरलेला नसतो. तिने आपले दोष दाखवून झालेले असतात.

शिवाय किलोमीटर हे मापच मुळात अपुरे आहे. शारजाहून अबुधाबीला नोकरीसाठी रोज जाणारी गाडी घ्या. सरासरी वेग ताशी ऐंशी धरला तर एक लाख किलोमीटरला तिचे इंजिन साडेबाराशे तास चालते, तेही गरम, एकसारख्या गतीने. दुसरी गाडी शारजा-दुबईच्या गर्दीत ताशी वीसने सरकते. तिला त्याच एक लाखाला पाच हजार तास लागतात, ए.सी. चालू, गिअरबॉक्स तापलेला, ब्रेकवर सतत पाय. मीटर दोघींना सारखेच म्हणतो. बाजारही सारखाच भाव देतो. म्हणजे अबुधाबीची ‘तीन लाख’ ही शारजा-दुबईच्या ‘पंचाहत्तर हजार’इतकेच तास चाललेली असू शकते. हे गणित आठवीतला मुलगा करील, पण गाडी पाहायला गेल्यावर “आधी कुठे चालत होती?” असे विचारणारा गिऱ्हाईक मला क्वचित भेटला.

दीर्घायुषी गाड्यांच्या प्रसिद्ध कथाही हेच सांगतात. अमेरिकेतल्या आयर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेली व्होल्व्हो २०१३ मध्ये तीस लाख मैलांवर गेली. एकच मालक, बरेचसे लांब पल्ल्याचे रस्ते. एका ग्रीक टॅक्सीवाल्याची १९७६ची मर्सिडीज शेहेचाळीस लाख किलोमीटर चालून २००४ साली कंपनीच्या संग्रहात गेली, आणि तीही त्याने वापरलेलीच विकत घेतली होती. आपल्या मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली ती इंजिन दमले म्हणून नव्हे, वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. शेवटची पद्मिनी २००३ मध्ये टॅक्सी म्हणून नोंदली गेली होती. सुट्या भागांचा बाजार आणि ते बसवणारे हात असले की गाडी जगते. शारजात दोन्ही आहेत.

आता मूळ मुद्दा, जिथे माझे अकरलॉफशी खरे भांडण आहे. त्यांच्या निबंधात चांगल्या गाडीच्या मालकाला घरी बसण्याची मुभा आहे. भाव पटला नाही, नाही विकली. आखातात ही मुभा नाही. नोकरी गेली, करार संपला, मुले कॉलेजसाठी भारतात निघाली, की व्हिसा रद्द होतो आणि घड्याळ सुरू होते. पूर्वी त्यानंतर महिनाभर मिळे. २०२२ च्या बदलांनंतर ही मुदत प्रवर्गाप्रमाणे वाढली आहे, पण मुदत ती मुदतच. २००९ ची मंदी ज्यांनी पाहिली, २०२० च्या उन्हाळ्यात ‘वंदे भारत’च्या विमानांची वाट पाहत ज्यांनी घर आवरले, त्यांना हे सांगायला नको. त्या दिवसांत जिवापाड जपलेल्या गाड्या मिळेल त्या भावात गेल्या. इथे माणूस गाडी विकतो ते गाडी वाईट आहे म्हणून नव्हे, तो जाणार आहे म्हणून. आणि हे घेणाऱ्या व्यापाऱ्याला ठाऊक असते. म्हणजे माहितीचे पारडे उलटे झाले. गाडीबद्दल विकणाऱ्याला जास्त माहीत, पण विकणाऱ्याबद्दल घेणाऱ्याला जास्त माहीत. निबंधात ही दुसरी ओळ नाही.

याला पुरावा नुसता माझ्या गल्लीचा नाही. एरिक बाँड यांनी १९८२ साली अमेरिकेतल्या पिकअप ट्रकांची आकडेवारी तपासली. वय आणि चाल सारखी धरली तर वापरलेला घेतलेल्या ट्रकाला मूळ मालकाकडेच राहिलेल्या ट्रकापेक्षा जास्त दुरुस्ती लागलेली दिसली नाही. पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : १९८४ साली त्यांनीच पुन्हा पाहिले तेव्हा दहा वर्षांहून जुन्या ट्रकांत फरक दिसला. म्हणजे मी ज्या वयाच्या गाड्यांची वकिली करतो आहे नेमक्या त्याच वयात लिंबू सापडण्याची शक्यता जास्त. हे मी मान्य करतो. म्हणूनच तर सूप हवे.

आणि अकरलॉफ जिथे पूर्ण खरे ठरले तो प्रसंगही अलीकडचाच. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस. नोंदी १९४९ पासूनच्या आहेत, त्यात सर्वाधिक; अल ऐन भागात एका ठिकाणी दिवसभरात २५४ मिलिमीटरच्या वर. शारजात गाड्या खिडक्यांपर्यंत पाण्यात होत्या. त्यानंतरच्या महिन्यांत बाजारात आलेल्या तीन-चार वर्षांच्या, कमी चाललेल्या, स्वच्छ धुतलेल्या गाड्या पाहून मी लांबूनच नमस्कार केला. पाणी शिरलेल्या वायरिंगचा दोष वर्षाने उमटतो, तोवर तो फक्त विकणाऱ्यालाच माहीत. तेव्हा माझ्याकडे सल्ला विचारायला आलेल्या एका नव्या तरुण जोडप्याला मी सांगितले की सीट काढून गालिच्याखाली हात घाला, पट्टा पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला गाळाची रेघ आहे का बघा. रेघ होती. त्यांची बेचाळीस हजार दिरहॅमची अनामत बचत त्या रेघेमुळे वाचली.

माझी सध्याची गाडी २००६ ची कोरोला. मुंबईला कायमचे परतणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडून घेतली, तेव्हा मीटरवर तीन लाख सत्त्याऐंशी हजार होते. काकांना व्यापाऱ्याने साडेतीन हजार दिरहॅम सांगितले होते, तेही “मेहेरबानी म्हणून.” काकांनी मला किंमत सांगण्याआधी एक दोनशे पानी वही पुढे केली. पहिल्या पानापासून प्रत्येक तेलबदल, तारीख, किलोमीटर, दुकानाची पावती टाचणीने लावलेली. दोन लाख चाळीस हजारांवर वॉटर पंप. तीन लाख दहावर गिअरबॉक्सचे तेल. एका ठिकाणी काकूंच्या अक्षरात, “फुजैराच्या घाटात काटा वर गेला, थांबलो, पाणी घातले.” मी सात हजार दिले. उस्तादांनी कॉम्प्रेशन पाहिले आणि मान हलवली, म्हणजे चांगले.

ती वही व्यापाऱ्यानेही पाहिली होती. त्याने ती उलटून बाजूला ठेवली असे काका म्हणाले, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला तो वही दाखवणार नव्हता, आकडा दाखवणार होता. या गाडीचे सर्वांत मोलाचे अंग साडेतीन हजारांत धरलेच नव्हते. आपल्यापैकी दरवर्षी कितीतरी कुटुंबे परत जातात आणि कितीतरी नवी येतात. जाणाऱ्यांच्या कपाटात अशा फायली असतात, त्या सामान बांधताना रद्दीत जातात. येणारे त्याच आठवड्यात कुठल्यातरी चकचकीत रांगेत उभे राहून आकडे वाचत असतात. दोघे एकाच मंडळाच्या गणेशोत्सवात एकाच पंगतीला बसलेले असतात, पण गाडीची गोष्ट निघत नाही. ओळखीत व्यवहार नको, उद्या काही झाले तर तोंड कसे दाखवायचे, ही आपली जुनी भीती. तिच्यापायी जाणाऱ्याचे निम्मे पैसे जातात आणि येणाऱ्याच्या पदरी लिंबू पडते.

माझ्या कोरोलाने चौथ्या महिन्यात मला तोंड दाखवायला लावलेच. ए.सी.चा कॉम्प्रेसर गेला, भर ऑगस्टात. औद्योगिक क्षेत्रातून वापरलेला आणून बसवला, सगळे मिळून साडेसहाशे दिरहॅम. मी काकांना कळवले नाही; पण त्यांना कुठून तरी कळले आणि त्यांनी फोन करून निम्मे पैसे पाठवतो म्हणून हट्ट धरला. मी नाही म्हटले. मग त्यांनी एवढेच विचारले, “वहीत लिहिलंत ना?” लिहिले होते. पान एकशे त्रेचाळीस, तीन लाख शहाण्णव हजार दोनशे. सध्या मीटर चार लाख एकतीस हजारांवर आहे, पुढच्या महिन्यात मुल्कियाचे नूतनीकरण, त्याआधी पासिंग, आणि पुढचे दोन टायर पाच वर्षांचे होत आले आहेत.