जोखमीच्या तक्त्यात पाण्याचा रकाना कोठे आहे?

धातू वितळवून ओतण्याच्या कामात धोका कोठे असतो, असे विचारले तर बहुतेक जण भट्टीकडे बोट दाखवतील. कारखान्यांत भरला जाणारा जोखमीचा तक्ताही बऱ्याचदा तेच करतो. अपघाताच्या शक्यतेला एक ते पाच गुण, परिणामाच्या तीव्रतेला एक ते पाच गुण. दोहोंचा गुणाकार म्हणजे जोखीम. या पद्धतीचा एक गुण मान्य केला पाहिजे. काम सुरू करण्यापूर्वी ती माणसाला थांबून विचार करायला लावते. मात्र ओतकामाच्या बाबतीत हा विचार भलत्याच दिशेने जाण्याचा संभव आहे.

पहिला आक्षेप असा, की ‘आग व स्फोट’ हे दोन धोके एकाच रकान्यात बसवले जातात. वास्तविक एकावरचा नेहमीचा उपाय, म्हणजे पाणी, हेच दुसऱ्याचे कारण ठरते. १८ ग्रॅम पाणी द्रवरूपात १८ मिलिलिटर जागा व्यापते. १०० अंश सेल्सियसला त्याचीच वाफ सुमारे ३० लिटर होते, म्हणजे जवळजवळ १,७०० पट. धातूच्या रसाखाली पाण्याचा पातळ थर कोंडला गेला, तर त्याची क्षणार्धात वाफ होते आणि रसाचे बारीक कणांत तुकडे होतात. तप्त पृष्ठभाग एकदम वाढतो, आणखी पाण्याची वाफ होते आणि स्फोट होतो.

दुसरा आक्षेप तापमानाबद्दल. लोखंड १,५३८ अंशांना वितळते, तर अॅल्युमिनियम ६६० अंशांना. म्हणून अॅल्युमिनियम कमी धोक्याचे, असा समज सहज होतो. पण अॅल्युमिनियमची पाण्याशी पूर्ण रासायनिक क्रिया झाली, तर किलोग्रॅममागे सुमारे १५ मेगाज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तेवढ्याच टीएनटीच्या स्फोटातील ऊर्जेच्या ही तिपटीहून अधिक आहे. ‘पाण्याचा हायड्रोजन होतो आणि तो पेटतो’, हे प्रचलित स्पष्टीकरणही अपुरे आहे. पाण्याशी सहसा क्रिया न करणारे वितळलेले कथीलही पाण्यात पडल्यावर असा स्फोट घडवू शकते. सुरुवात वाफेपासून होते. रसायनशास्त्र मागाहून भर घालते.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. शक्यतेचा आकडा येतो कोठून? ‘आजवर काही झाले नाही’, या अनुभवातून. अमेरिकेतील अल्कोआ कंपनीच्या लाँग या संशोधकाने अॅल्युमिनियमचा रस पाण्यात ओतण्याचे शेकडो प्रयोग केले व १९५७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. भांड्याचा तळ गंजलेला किंवा चुना लावलेला असेल, तर स्फोट सहज होत. तळाला ग्रीस किंवा योग्य रंग लावला, तर ते टळत. धातू तोच, पाणीही तेच. फरक फक्त तळाचा! रंग झिजला की शक्यता बदलते, तक्त्यातला आकडा मात्र तसाच राहतो.

ब्रिटनमधील पोर्ट टॅलबट येथे ८ नोव्हेंबर २००१ रोजी लोखंडाच्या झोतभट्टीत स्फोट झाला. भट्टी थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतील पाणी गळून आतील तप्त मालात मिसळले होते. मालासह सुमारे ५,००० टन वजनाची भट्टी सुमारे पाऊण मीटर उचलली गेली आणि तीन कामगार मृत्युमुखी पडले. सुरक्षिततेसाठी खेळवलेले पाणीच तेथे घातक ठरले.

कोल्हापूर परिसरातील फाउंड्र्यांनाही हा प्रश्न लागू आहे. विद्युत प्रवर्तन भट्टीत रस आणि तांब्याच्या कॉईलमधून वाहणारे पाणी यांच्यामध्ये केवळ अस्तराची भिंत असते. पावसाळ्यात उघड्यावरचे भंगार भिजते. दोन्ही टोके दाबून बंद झालेल्या नळीत पाणी राहून जाते. साच्याची वाळू, रस ढवळण्याची सळई, भट्टीभोवतीची जमीन यांतही ओल असू शकते.

म्हणून गुण देण्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे : येथे पाणी कोणकोणत्या वाटांनी पोहोचू शकते, आणि प्रत्येक वाट कोण, किती दिवसांनी तपासतो? त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, ते नावनिशीवार यादीतच द्यावे लागते. शिक्षकांनी वितळलेल्या धातूचा प्रयोग वर्गात मुळीच करू नये. वाफेचे वरील गणित मात्र दहावीच्या विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावे. त्यांपैकी काही जण उद्या भट्टीजवळ उभे राहणार आहेत.