बुरशीचा जोर किती? : एका गाजलेल्या तुलनेची झडती

करपा, तांबेरा, भुरी, काणी ही पिकांच्या रोगांची नावे डोळ्यांना जे दिसले त्यावरून पडली आहेत. पान करपल्यासारखे दिसले म्हणून करपा. तांब्याच्या रंगाची भुकटी हाताला लागली म्हणून तांबेरा. निरीक्षण म्हणून ही नावे उत्तमच. पण ती रोगाचा शेवट सांगतात, सुरुवात नाही. भाताच्या पानावर करप्याचा डाग दिसतो, त्याच्या चार-पाच दिवस आधीच बुरशी पानात शिरलेली असते. ती शिरते कशी, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. ‘बीजाणू पानावर पडतात, दमट हवेत रुजतात व रोग होतो,’ एवढ्या एका वाक्यात आपण तो उरकतो.

लोकप्रिय विज्ञानलेखनात ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न होतो, त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र या लेखनात एक तुलना वारंवार भेटते. बुरशी पानावर जेवढा दाब देते तेवढा माणसाच्या तळहाताने दिला, तर आठ टनांची शाळेची बस उचलली जाईल, असे सांगितले जाते. कधी बसऐवजी मोटारीच्या टायरमधील हवेच्या चाळीसपट दाब असे म्हटले जाते. वाचक चकित होतो यात शंका नाही. पण या तुलनेतून तो काय शिकतो आणि त्याच्यापासून काय झाकले जाते, हे तपासून पाहायला हवे.

आधी मूळ संशोधन पाहू. भातावर करपा आणणाऱ्या बुरशीचे नाव मॅग्नापोर्थे ओरायझी. तिचा बीजाणू पानाच्या मेणचट पृष्ठभागाला स्वतःच्याच चिकट द्रव्याने घट्ट धरून बसतो. दवाच्या थेंबात तो रुजतो, त्यातून एक छोटी नलिका निघते आणि काही तासांतच नलिकेचे टोक फुगून घुमटासारखी एक पेशी तयार होते. शास्त्रीय भाषेत तिला अ‍ॅप्रेसोरियम म्हणतात. आपण तिला दाबपेशी म्हणू. दाबपेशीच्या भिंतीत मेलॅनिन या काळपट द्रव्याचा थर असतो. त्यातून पाणी आत येते, पण आतले विरघळलेले पदार्थ सहज बाहेर पडू शकत नाहीत. परासरणाने पाणी आत येत राहते, दाब चढत जातो आणि पेशीच्या तळातून सुईसारखा एक बारीक तंतू पानात घुसतो.

हा दाब किती, याचे उत्तर रिचर्ड हॉवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दिले. त्यांनी दाबपेशी अधिकाधिक तीव्र द्रावणांत ठेवल्या आणि कोणत्या तीव्रतेला त्या चेपतात हे पाहिले. त्यावरून दाब ८ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे सुमारे ८० वातावरणांइतका जातो असा निष्कर्ष निघाला. पेशीत साठणारा पदार्थ मुख्यतः ग्लिसरॉल असून त्याची तीव्रता ३ मोलरच्या आसपास जाते, हे १९९७ साली दुसऱ्या एका गटाने दाखवले. बारावीच्या विद्यार्थ्यांना परासरण दाबाचे सूत्र माहीत असते. ३ मोलर तीव्रता आणि २५ अंश सेल्सिअस तापमान घेऊन त्यांनी गणित केले, तर उत्तर सुमारे ७४ वातावरणे येते. दोन वेगळ्या मार्गांनी काढलेले आकडे इतके जवळ यावेत, हे आमच्या मते बसच्या तुलनेपेक्षा अधिक चकित करणारे आहे.

आता बसकडे वळू. ही तुलना ज्या मोजमापाशी जोडली जाते ते मक्यावरील एका बुरशीचे आहे. १९९९ साली बेखिंगर व सहकाऱ्यांनी तिच्या एका दाबपेशीचे बल थेट मोजले. ते १७ मायक्रोन्यूटन भरले. त्यावरून दाब सुमारे ५ मेगापास्कल येतो. तळहाताचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर धरून या दाबाने गुणले, तर साडेसात-आठ टनांचे वजन उचलण्याइतके बल निघते. गणित बरोबर आहे. चूक आहे ती मनावर उमटणाऱ्या चित्रात. १७ मायक्रोन्यूटन म्हणजे पावणेदोन मिलिग्रॅमचे वजन, खसखशीच्या चार-पाच दाण्यांइतके! करप्याच्या बुरशीचा एक मायक्रोमीटर जाडीचा तंतू घेतला, तर ८ मेगापास्कल दाबानेही त्याच्या टोकावर ६ मायक्रोन्यूटनच्या आसपासच बल येते. बुरशी बलदंड नाही. तिचे बल अत्यल्प आहे, पण ते त्याहून अत्यल्प जागेवर एकवटलेले आहे. बल आणि दाब यांतील फरक आपण नववी-दहावीत टाचणीच्या उदाहरणाने शिकवतो. बसची तुलना नेमका तोच फरक पुसून टाकते.

या तुलनेने आणखी दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली म्हणजे दाब निर्माण करण्याइतकेच तो धरून ठेवणेही महत्त्वाचे आहे. मेलॅनिन बनवू न शकणारे या बुरशीचे उत्परिवर्तित प्रकार अखंड पानात शिरू शकत नाहीत. पानाला जखम असेल तर मात्र शिरतात. म्हणजे त्यांची रोग करण्याची शक्ती शाबूत असते, अडते ते दारातच. ट्रायसायक्लॅझोल हे बुरशीनाशक मेलॅनिन बनण्याची क्रियाच रोखते. म्हणून ते बुरशी आत शिरण्याआधी उपयोगी पडते. आत शिरलेल्या बुरशीपुढे ते फारसे काही करू शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सर्वच बुरशा अशा रीतीने शिरत नाहीत. गव्हाचा तांबेरा पानावरील पर्णरंध्रांतून आत जातो. घेवड्याच्या तांबेऱ्याची बुरशी अर्ध्या मायक्रोमीटर उंचीच्या कडेवरून पर्णरंध्र ओळखते, हे १९८७ साली प्लास्टिकच्या कृत्रिम पृष्ठभागांवर सिद्ध झाले. बटाट्यावरील उशिराचा करपा आणणारा फायटोफ्थोरा हा खरी बुरशी नसून तिच्यासारखा दिसणारा वेगळा जीव आहे. तो तिरका घुसून सुरीसारखे पृष्ठभाग कापतो, असे २०२१ साली दिसून आले. दाबपेशी वापरणाऱ्या बुरशाही केवळ जोरावर विसंबतात असे समजू नये. जपानी शास्त्रज्ञ मियोशी यांनी १८९५ साली बुरशीचे तंतू सोन्याच्या वर्खातून आरपार गेलेले पाहिले. सोने कोणत्याही विकराने विरघळत नाही, म्हणून तेथे जोर सिद्ध झाला. पानातून जाताना विकरांचा उपयोग होतच नाही, असे मात्र त्यावरून ठरत नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. २०१६ साली बांगलादेशात याच जातीच्या बुरशीचा गव्हावर हल्ला झाला आणि सुमारे १५,००० हेक्टर क्षेत्र बाधित झाले. बुरशी म्हणजे राक्षसी ताकदीचा शत्रू, असे ज्या विद्यार्थ्याच्या मनावर ठसले आहे, तो उद्या शेतात अधिक जहाल औषध शोधेल. तिचा प्रवेश दवाच्या थेंबावर, काही तासांवर आणि एका पातळ काळ्या थरावर अवलंबून आहे, हे ज्याला समजले आहे, तो ‘फवारणी कधी?’ असा प्रश्न आधी विचारेल. दुसरा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे आणि तो शिकवण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. पाण्यात टाकलेला बेदाणा, एक टाचणी आणि फळ्यावरचे चार ओळींचे गणित एवढे पुरते.

बसची तुलना वर्गातून हद्दपार करावी असे आमचे म्हणणे नाही. विद्यार्थ्यांनी ती उत्साहाने सांगितली तर ऐकून घ्यावी, आणि मग एवढेच विचारावे : हा दाब किती क्षेत्रफळावर?