आलं आधी, दूध नंतर

मसाल्याच्या चहाचं मर्म कळायचं असेल तर पातेल्याशी उभं राहावं लागतं. आधी पाणी. त्यात ठेचलेलं आलं. खळखळून उकळी आली की साखर आणि चहापूड, मग दूध, आणि उतरवता उतरवता कुटलेली वेलची. हा क्रम सवयीचा म्हणून आपण त्याकडे बघतही नाही, पण सगळी कारागिरी त्यातच आहे. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. ते थेट दुधात पडलं तर दूध फाटू शकतं. उकळत्या पाण्यात मात्र ते निकामी होतं. आपल्या आज्यांना विकर ठाऊक नव्हतं, फाटलेलं दूध चांगलंच ठाऊक होतं. वेलचीची गोष्ट उलटी. तिचा जीव उडून जाणाऱ्या तेलात, म्हणून ती शेवटी. सुरुवातीपासून उकळलेली वेलची शेजाऱ्यांना वास देते आणि कपात फोलपटं ठेवते.

आयुर्वेदाच्या सहा रसांपैकी चार या कपात भेटतात. साखर आणि दुधाचा गोडवा, पुडीचा तुरटपणा व कडवटपणा, आल्याचा तिखटपणा. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात, म्हणून कडक चहाही जिभेला बोचत नाही. उरले खारट आणि आंबट. आंबटाला इथे प्रवेश नाही, कारण दूध नासेल. पण तिथेही आपल्याकडे एक सुरेख पळवाट आहे: गवती चहा. कोकणात काय आणि देशावर काय, मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या या पातीत लिंबाच्या वासाचं सिट्रल भरपूर असतं, आंबटपणा मात्र नसतो. दुधाला धक्का न लावता लिंबाचा भास. या पेयातली मला सर्वांत आवडणारी जागा हीच.

मसाल्याचा चहा हजारो वर्षांचा आहे, असं पाकिटांवर सर्रास छापतात. ते खरं नाही. जुना आहे तो काढा. सुंठ, मिरी, पिंपळी यांचं त्रिकटु वैद्य पिढ्यान्‌पिढ्या देत आले. सुंठीला तर विश्वभेषज असंच नाव आहे. सितोपलादि चूर्णात खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची, दालचिनी यांचं प्रमाण 16, 8, 4, 2, 1 असं निम्म्यानिम्म्याने उतरत जातं. या घरात चहा आला तो अगदी अलीकडे. चहाच्या पानांचे बारीक, कडक दाणे करणारी सीटीसी पद्धत आसामात 1930 च्या दशकात निघाली. आल्यासमोर उभी राहणारी, दुधात न हरवणारी पूड मिळाली ती तिच्यामुळे. दार्जिलिंगच्या नाजूक पानांवर आलं ठेचून बघा, म्हणजे कळेल.

पुण्यातल्या अमृततुल्यांनी या मिश्रणाला शहरी घाट दिला. मूळ राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी ती थाटली. पितळी पातेलं, समोर खलबत्ता, फडक्यातून गाळलेला दाट, गोड चहा. तिथला मसाला मोजका असतो. वेलची, आलं किंवा सुंठ, फार तर चिमूटभर जायफळ. हा संयम मला तयार पुड्यांत दिसत नाही. त्यांत लवंग हुकूमशहा होऊन बसते. लवंगेतलं युजेनॉल दातदुखीवर उपयोगी, हे दंतवैद्यही मानतात. पण चहा पिताना जीभ बधिर कशाला करायची?

गुणांचंही तसंच. आलं दीपन-पाचन करतं, असं परंपरा सांगते, आणि मळमळीवर त्याचा उपयोग आधुनिक अभ्यासांतही बऱ्यापैकी दिसला आहे. ओलं आलं सुकताना त्यातली तिखट द्रव्यं बदलून अधिक जहाल होतात, म्हणून थंडीत सुंठ घालणाऱ्यांचा कल चुकीचा नाही. सर्दीत घसा शेकतो, वाफेने बरं वाटतं. पण चार कपांत मिळून दोन वेलच्या आणि पेरभर आलं, ही औषधाची मात्रा नव्हे. दिवसाला सहा कप साखरेचा चहा ‘तब्येतीसाठी’ पिणारे लोक सुंठीच्या नावावर स्वतःला फसवतात. चव हेच या मसाल्याचं पुरेसं कारण आहे, आणि ते मोठं आहे.

तेव्हा अख्खी वेलची आणा, खलबत्ता काढा, कुटा त्या दिवसापुरतंच. आणि एक पथ्य: चहातली तुरट द्रव्यं अन्नातलं लोह शरीराला नीट घेऊ देत नाहीत. ज्यांच्या रक्तात लोह कमी आहे त्यांनी जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, मसाला कितीही गुणी असला तरी.