दान, दाता आणि कादंबरी

पुरस्कार जाहीर झाले की ‘अमुक कादंबरीकार या सन्मानास पात्र आहे काय?’ हा प्रश्न मराठीत हमखास उपस्थित होतो. चर्चा लेखकाच्या नावापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. चंद्रपूर येथे 2012 साली वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही मंडपाबाहेर हीच चर्चा आम्ही ऐकली होती. या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सहसा दुर्लक्षित राहतो, त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

मज्झिमनिकायातील दक्खिणाविभंगसुत्तात दानाच्या शुद्धीचे चार प्रकार सांगितले आहेत. काही दान दात्यामुळे शुद्ध होते, घेणाऱ्यामुळे नव्हे; काही घेणाऱ्यामुळे, दात्यामुळे नव्हे; काही दोघांमुळेही होत नाही आणि काही दोघांमुळेही होते. पात्रता ही केवळ घेणाऱ्याची कसोटी नाही, हा या विभागणीचा मथितार्थ होय. पुरस्कार हेही एक दानच. मग हीच कसोटी त्यास का लावू नये?

प्रथम घेणाऱ्याचा विचार करू. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ला 1960 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1968 साली ते पद्मभूषण झाले आणि 1974 चे ज्ञानपीठ मराठीत प्रथमच त्यांच्याकडे आले. ज्ञानपीठ शासनाचे नव्हे, एका खासगी न्यासाचे आहे, हे येथे ध्यानात ठेवावे. ‘ययाति’ची अलंकृत, बोधप्रवण भाषा आज आम्हास जड वाटते, तथापि तृष्णेला अंत नसतो हे सूत्र एवढ्या मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोहोचविणारी दुसरी मराठी कादंबरी सांगणे कठीण आहे. खांडेकर अपात्र होते असे आम्ही म्हणणार नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ 1963 ची. अकादमीचा 1991 चा पुरस्कार त्यांना मिळाला तो मात्र ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथासाठी. ज्या कादंबरीने मराठी गद्याचे वळण बदलले तिची योग्यता वाचकांनी आधीच ओळखली होती.

आता अण्णाभाऊ साठे. 1959 साली प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली. तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. परंतु 1969 साली अण्णाभाऊ गेले ते दारिद्र्यातच. पद्म सन्मान त्यांच्या वाट्यास आला नाही. येथे उणीव घेणाऱ्यात होती असे कोण म्हणेल?

विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ला 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांची परवड सांगणारी ही कादंबरी लिहिणारा स्वतः प्रशासनातील अधिकारी होता, आणि यंत्रणेचा आतून झालेला परिचय हे तिचे बळ आहे. तिचा सन्मान सार्थ होय. परंतु सन्मानाने सत्तेची वाचनाची जबाबदारी संपते काय? 2019 साली गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा कार्यान्वित झाला आणि सिरोंचा तालुक्यातील शेतकरी बुडित जमिनीच्या मोबदल्यासाठी झगडत राहिले. अकादमी स्वायत्त आहे आणि बंधारा शेजारच्या राज्याचा आहे, हे आम्ही जाणतो. तरीही गौरविलेले पुस्तक कारभाराच्या मेजावर न उघडताच पडून राहिले, असेच म्हणावे लागते. हे दान घेणाऱ्यामुळे शुद्ध झाले. दात्याने त्यात काही घातले नाही.

गडचिरोलीच्या अरण्याविषयी मराठीत विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ आणि सुरेश द्वादशीवार यांची ‘हाकुमी’ या कादंबऱ्या आहेत. दोहोंमागील आस्था खरी आहे; परंतु दोन्ही मराठीत आहेत आणि माडिया मनुष्य त्यांत दुसऱ्याच्या भाषेत बोलतो. एका माडिया विद्यार्थ्याने आम्हास विचारले होते, ‘सर, आमच्या बोलीत कादंबरी लिहिली तर तिला अकादमीचा पुरस्कार मिळेल का?’ साहित्य अकादमी 24 भाषांतील ग्रंथांना वार्षिक पुरस्कार देते. 2011 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख 84 हजार लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदविलेली गोंडी त्यांत नाही. अमान्य भाषांसाठी ‘भाषा सन्मान’ आहे, पण तो वेगळ्या पंगतीचा मान झाला. 2003 च्या घटनादुरुस्तीने संथाळी व बोडो आठव्या अनुसूचीत आल्या आणि अकादमीचे दार त्यांना उघडले. तेव्हा हे अशक्य आहे असेही नाही. त्या विद्यार्थ्यास आम्हास ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागले.

दात्याच्या अशुद्धीचे उदाहरण अलीकडचेच आहे. कोबाड गांधी यांच्या आत्मकथनाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादास राज्य वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला आणि डिसेंबर 2022 मध्ये शासनाने तो रद्द केला. निवड समितीही बरखास्त केली. ग्रंथ कादंबरी नव्हे, हे खरे. परंतु तत्त्व तेच आहे. माओवादाच्या उदात्तीकरणाचा आक्षेप होता. ज्या जिल्ह्यात त्या हिंसेने आदिवासी आणि पोलीस दोघांचेही प्राण घेतले, तेथील आम्ही रहिवासी त्या विचाराचे समर्थक नाही. तरीही परीक्षकांनी वाचून दिलेला निर्णय न वाचणाऱ्यांनी फिरवावा, हे आम्हास मान्य नाही. परत घेता येते ते दान नव्हे, उसनवारी होय.

तात्पर्य, मराठीतील बहुतेक मान्यवर कादंबरीकार आपल्या सन्मानास पात्रच होते. प्रश्न देणाऱ्याच्या पात्रतेचा आहे. परीक्षकांनी निवडीची कारणे प्रसिद्ध करावीत. जाहीर झालेला निर्णय फिरविण्याचा अधिकार शासनास नसावा. आणि गौरविलेला ग्रंथ भामरागड, एटापल्लीच्या ग्रंथालयांत पोहोचावा. एवढे झाल्यास ‘पात्र कोण?’ हे विचारण्याचा अधिकार दात्यास प्राप्त होईल.