मनगटावरचा परीक्षक

हातातल्या घड्याळाने वेळ सांगावी, एवढीच पूर्वी आपली अपेक्षा असे. आता तेच घड्याळ दिवसभरात आपण किती पावले चाललो, हृदयाचे ठोके किती पडले, किती कॅलरी खर्च झाल्या, झोप किती लागली, हे सारे सांगते. ठरवलेली पावले पूर्ण झाली की मनगटावर थरथरून शाबासकीही देते. अशी घड्याळे आणि पट्टे शिक्षकांच्या व पालकांच्या हातांवर दिसू लागले आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दलचे प्रश्न वर्गातही येणारच.

या उपकरणांच्या बाजूने दोन दावे केले जातात. ती आपली हालचाल अचूक मोजतात, हा पहिला. ती आपल्याला हालचाल करायला प्रवृत्त करतात, हा दुसरा. पहिला दावा भौतिकशास्त्राचा आहे, दुसरा मानसशास्त्राचा. एक खरा ठरला म्हणून दुसरा आपोआप खरा ठरत नाही. म्हणून आपण ते वेगवेगळे तपासू.

मोजमाप आणि अंदाज

घड्याळात त्वरणमापकाची एक छोटी चकती असते. तिच्यात सिलिकॉनच्या स्प्रिंगांवर तोललेले एक अतिसूक्ष्म वस्तुमान असते. बसला अचानक ब्रेक लागला की उभे प्रवासी पुढे झुकतात, तसेच हात हलला की हे वस्तुमान जडत्वामुळे किंचित सरकते आणि त्याची विद्युत नोंद होते. चालताना हात लयीत हलतो, म्हणून ही नोंद लाटांसारखी दिसते. या लाटांवरून आतील प्रोग्राम पावलांची संख्या काढतो. म्हणजे घड्याळ पाऊल पाहत नाही, ते मनगटाची लय ओळखते. डोक्यावरचा हंडा दोन्ही हातांनी धरून चालणाऱ्या बाईची किंवा हातगाडी ढकलणाऱ्या माणसाची कितीतरी पावले ते गाळू शकते. उलट, बसल्या जागी लयीत हात हलवणाऱ्याच्या नावावर न चाललेली पावले जमा होऊ शकतात.

हृदयाचे ठोके मोजण्यासाठी घड्याळाच्या पाठीला बहुधा हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषते. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढते आणि परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो. हा चढउतार मोजला की नाडी मिळते. हातावर बोटे ठेवून नाडी पाहण्याचाच हा प्रकाशीय प्रकार आहे. स्वस्थ बसलेल्या माणसात तो चांगला चालतो. पट्टा सैल असला किंवा हात जोरात हलत असला की चूक वाढते.

कॅलरी मोजणारा मात्र एकही संवेदक घड्याळात नसतो. प्रयोगशाळेत ऊर्जेचा खर्च काढायचा तर तोंडावर मुखवटा बसवून शरीराने किती ऑक्सिजन वापरला हे मोजतात. एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण ५ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. घड्याळाला ऑक्सिजनचा हा वापर मोजता येत नाही. ते वय, वजन, उंची, हालचाल आणि नाडी यांवरून सूत्राने अंदाज बांधते. पण उकाड्याने, चहाने किंवा परीक्षेच्या धास्तीनेही नाडी वाढते!

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये अशी ७ उपकरणे ६० स्वयंसेवकांवर तपासली. त्यांपैकी ६ उपकरणांची हृदयगतीतील चूक ५ टक्क्यांहून कमी होती. ऊर्जेच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईट उपकरणाची ९३ टक्के निघाली. गडद त्वचेच्या व्यक्तींमध्ये चूक अधिक आढळली, ही गोष्ट आपण विशेष लक्षात ठेवावी.

आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. अंदाज चुकतो यात गुन्हा नाही, पण मोजलेली नाडी आणि अंदाजलेली कॅलरी पडद्यावर सारख्याच ठामपणे दाखवली जातात. समजा, घड्याळाने ३१७ किलोकॅलरी दाखवल्या. २७ टक्के चूक धरली तर येथे सुमारे ८६ किलोकॅलरींचा फरक नेहमीचाच समजायला हवा. मग शेवटच्या ७ ला अर्थ काय उरला? प्रयोगवहीत असे निरर्थक अंक लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण गुण कापतो. या आकड्याच्या भरवशावर कोणी जास्तीचा वडापाव खाल्ला, तर हिशेब कोठे चुकला हे त्याला कळणारही नाही.

दहा हजार कोठून आले?

अनेक उपकरणांत रोज १०,००० पावलांचे उद्दिष्ट आधीच भरलेले असते. हा आकडा कोणत्याही वैद्यकीय प्रयोगातून निघालेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमधील यामासा कंपनीने कमरेला लावायचा एक पाऊलमापक विक्रीस आणला. त्याचे नाव होते मानपो-केई, म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’. नाव सुटसुटीत होते आणि आकडा गोल होता, तो टिकून राहिला.

आय-मिन ली आणि सहकाऱ्यांचा १९ साली, म्हणजे २०१९ मध्ये, प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळेच चित्र दाखवतो. त्यात सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांची पावले मोजली होती. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते. सुमारे ७,५०० पावलांनंतर मात्र आणखी फायदा दिसला नाही. हे निरीक्षण आहे, नियंत्रित प्रयोग नव्हे. निरोगी माणूस मुळातच जास्त चालतो हेही खरे. तरी ५,००० पावले चालून ‘आज जमले नाही’ म्हणून खट्टू होणाऱ्या आजींना त्यातून धीर मिळावा.

शाबासकी किती दिवस पुरते?

आता दुसरा दावा. येथे उपकरणाला त्याचे श्रेय दिले पाहिजे. आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी करणारा एक आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार अशी साधने वापरणारे रोज सरासरी १,८०० पावले जास्त चालतात आणि त्यांचे वजन सुमारे १ किलोने घटते. लाभ आहे, पण माफक आहे.

तो किती टिकतो? सिंगापूरमध्ये ८०० नोकरदारांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला पावलांसाठी सहा महिने रोख बक्षीस दिले. बक्षीस चालू होते तोवर पावले वाढली. ते थांबल्यावर वर्षाअखेरीस वाढ नाहीशी झाली आणि उपकरण लावणारे १० टक्क्यांच्या आसपासच उरले. त्याच वर्षी अमेरिकेत ४७१ तरुणांवरील दोन वर्षांच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. आहार आणि व्यायामाच्या नेहमीच्या कार्यक्रमात वजन सरासरी ५.९ किलोने घटले, तर पुढे दंडावरील उपकरणाची जोड दिलेल्या गटात ३.५ किलोने. यावरून उपकरणाने वजन वाढते असे म्हणता येत नाही. पण नुसती त्याची भर घातल्याने काम सोपे होते, हेही म्हणता येत नाही.

यामागच्या कारणाचा एक धागा जॉर्डन एटकिन यांच्या २०१६ च्या प्रयोगांत मिळतो. चित्रे रंगवणाऱ्यांना आपण किती रंगवले याचा आकडा दाखवला, तेव्हा त्यांनी काम जास्त केले, पण त्यांना त्यातला आनंद कमी वाटला. चालणे आणि वाचन यांबाबतही असेच दिसले. गुणांसाठी वाचणारा मुलगा परीक्षा संपताच पुस्तक मिटतो, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

म्हणूनच शाळेत पावलांच्या स्पर्धा लावण्याचा मोह टाळावा, असे आमचे मत आहे. त्यात महागडे घड्याळ असलेला मुलगा दिसतो आणि वस्तीवरून रोज तीन किलोमीटर चालत येणारी मुलगी गणतीतच येत नाही. स्थूल किंवा अपंग मुलाचा आकडा फळ्यावर लागणे म्हणजे त्याला खेळापासून आणखी दूर लोटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सुचवली आहे. ती मोजायला भिंतीवरचे घड्याळ पुरते. लागते ते मैदान आणि खेळाचा न कापलेला तास.

वर्गात करून पाहा

हे उपकरण शाळेत आणायचेच, तर प्रयोगाचा विषय म्हणून आणावे. घड्याळ नसेल तर पावले मोजणारा मोबाइलही चालेल. मैदानावर २०० पावले तोंडाने मोजत चाला आणि उपकरणाचा आकडा लिहा. मग हेच हात खिशात घालून, दप्तर दोन्ही हातांनी कवटाळून आणि अगदी सावकाश चालून करा. प्रत्येक प्रकार पाच वेळा करून शेकडा चूक काढा. २०० ऐवजी १८४ दिसले तर चूक ८ टक्के. शेवटी एका जागी बसून नुसता हात हलवा. कोणत्या प्रकारात चूक सर्वांत जास्त आली आणि का, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्या. आपल्या शाळेतील निरीक्षणे तक्त्यासह आम्हाला जरूर कळवा.